मुलांना घरीच शिकवतो; विज्ञानासाठी कोणते खेळ आणि प्रयोग घ्यावेत?

महागडे किट घेण्याआधी लंबकापासून सुरुवात करा. दोरा, एक नट आणि सेकंद मोजायला मोबाइल, एवढंच लागतं. टांगलेल्या जागेपासून नटच्या मध्यापर्यंत २५ सेंटीमीटर अंतर ठेवा, नट थोडासाच बाजूला नेऊन सोडा आणि १० पूर्ण झोके मोजा (जाऊन परत आला की एक झोका). साधारण १० सेकंद लागतात. आता मुलांना विचारा, दोन नट बांधले तर? बहुतेक मुलं ‘लवकर होईल’ म्हणतात. अंदाज आधी वहीत लिहून घ्या, मगच करून बघू द्या. वेळ जवळपास तेवढाच येतो! मग दोरा लांबवून १ मीटर करा: लांबी चौपट, वेळ मात्र दुप्पट, म्हणजे सुमारे २० सेकंद. हे आकडे मुलाने स्वतः काढलेले असले की सूत्र पुढे कधीही शिकवता येतं. उत्तर आधीच सांगून टाकू नका, एवढी कळकळीची विनंती.

खेळांमध्ये मला फासे सगळ्यात आवडतात. दोन फासे टाकून बेरीज नोंदवत जा. ३६ शक्यतांपैकी ६ वेळा ७ येतो, १२ मात्र एकदाच. शंभरेक वेळा टाकून स्तंभालेख काढला की मधला उंचवटा बहुधा दिसू लागतो. लहान भावंडाला फासे टाकायला द्या, मोठं नोंदी ठेवेल.

अ‍ॅप चालतील, पण हाताने करून झाल्यावर. आणि काचेची भिंगं वापरणार असाल तर सूर्याकडे बघायचं नाही, हे आधीच बजावून ठेवा.