रेखमिरे : वजीर, अमात्य की पेशवा?

प्रश्न असा आहे की, प्राचीन इजिप्तमधील रेखमिरे या अधिकाऱ्याला मराठी लेखांत सर्रास ‘वजीर’ म्हटले जाते. पण इस्लामच्या सुमारे दोन हजार वर्षे आधीच्या माणसाला हा अरबी शब्द कसा चालेल? त्याऐवजी अमात्य, पंतप्रधान किंवा पेशवा का म्हणू नये?

मूळ इजिप्ती पदनाम ‘चाती’ असे होते. युरोपीय अभ्यासकांनी त्यासाठी वजीर हा शब्द योजला आणि तो आपल्याकडे फारसीमार्गे आधीच रुळलेला असल्यामुळे मराठीतही सहज टिकला. पहिल्या उल्लेखात ‘चाती, म्हणजे वजीर’ असे लिहून पुढे वजीर वापरावा, असे माझे मत आहे. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांतील अमात्य राज्याचा जमाखर्च पाहत असे. रेखमिरेकडे मात्र न्यायदान, करवसुली आणि आमोन या देवाच्या मंदिराच्या कारखान्यांची देखरेख असे सारेच होते. पंतप्रधान म्हणावे, तर रेखमिरेचा राजा तिसरा थुतमोस याच्या काळात दक्षिणेला एक आणि उत्तरेला एक असे दोन वजीर होते.

इजिप्तमधील लक्सर शहरासमोर, नाइलच्या पश्चिम तीरावर शेख अब्द अल-कुर्ना येथे रेखमिरेचे चित्रांनी भरलेले थडगे आहे. त्यातील नेमणुकीच्या लेखात राजा त्याला बजावतो की वजिरी गोड नसते, ती पित्तासारखी कडू असते. पुढे तो खेती नावाच्या जुन्या वजिराचे उदाहरण देतो. पक्षपाताचा ठपका येईल या भीतीने खेतीने आपल्याच नातलगांविरुद्ध निवाडे दिले होते, आणि राजाच्या मते हा न्यायाचा अतिरेक होता. ही ताकीद एका वजीर घराण्यातल्या माणसाला दिली जात होती, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचे वजन कळते.

पेशवा हा शब्द सुचतो तो या घराण्यामुळेच. रेखमिरेचे आजोबा आहमोस आणि काका उसेर हे दोघेही वजीर होते. परंतु वडील नेफेरवेबेन हे आमोनच्या मंदिरातले पुरोहित होते, म्हणजे हे पद बापाकडून मुलाकडे आलेले नव्हते. पत्नी मेरित हिच्यापासून रेखमिरेला मुलगे झाले, तरी थुतमोसनंतरचा राजा दुसरा आमेनहोतेप याच्या काळात वजिरी गेली ती आमेनेमोपेत या दुसऱ्याच घराण्यातल्या माणसाकडे. बाळाजी विश्वनाथांपासून वंशपरंपरेने चाललेल्या पेशवाईचा अर्थ ज्या शब्दाला कायमचा चिकटला आहे, तो येथे वापरल्यास वाचकाची दिशाभूल होईल.