बर्फातले पहिले दिवस : 'द लाँग डार्क'बद्दल तुमचे प्रश्न

'द लाँग डार्क' हा कॅनडातल्या हिंटरलँड स्टुडिओचा व्हिडिओ गेम. 2014 मध्ये तो अर्ली ॲक्सेसमध्ये (म्हणजे पूर्ण होण्याआधीच खेळायला) आला आणि 1 ऑगस्ट 2017 रोजी पूर्ण स्वरूपात बाजारात उतरला. भूचुंबकीय उत्पातानंतर वीज आणि यंत्रं ठप्प झाली आहेत आणि उत्तर कॅनडातल्या ग्रेट बेअर नावाच्या काल्पनिक बेटावर तुम्ही एकटे अडकला आहात. झॉम्बी नाहीत, शत्रूची फौज नाही. थंडी, थकवा, तहान आणि भूक हे चार मीटर (स्क्रीनवर घटत जाणारे मापक) आहेत, आणि त्यांच्या जोडीला लांडगे-अस्वलं. यावेळच्या बहुतेक पत्रांमधली तक्रार एकच आहे : 'दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापुढे टिकतच नाही.' म्हणून आजची सगळी जागा नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी.

प्रश्न : सुरुवातीला कोणता मोड घ्यावा आणि कुठून सुरू करावं? मित्र म्हणतो, सरळ 'इंटरलोपर' खेळ, तरच शिकशील.

मित्राचं ऐकू नका. इंटरलोपरमध्ये बंदुका नाहीत, आगकाड्या मोजक्या, चांगली हत्यारं भट्टीवर स्वतः घडवावी लागतात, आणि हे सगळं कुठे मिळतं ते माहीत आहे असं धरूनच तो मोड बनवला आहे. ज्याला नकाशा पाठ नाही, त्याला तिथे शिकायला वेळच मिळत नाही.

'व्हॉयाजर' घ्या. लांडगे हल्ला करतात, थंडी बोचते, पण हाताशी सामान पुरेसं असतं. नुसतं फिरून बेट बघायचं असेल तर 'पिल्ग्रिम' आहे. तिथे श्वापदं तुम्हाला पाहून पळून जातात.

जागा मिस्ट्री लेक. तिथे तळ्याकाठी कॅम्प ऑफिस नावाची दुमजली इमारत आहे : आत शेगडी, पलंग, कामाचं टेबल; समोर गोठलेल्या तळ्यावर मासेमारीच्या झोपड्या; आणि जवळून जाणारा रेल्वेचा रूळ. या रुळाचं मोल नवख्याला लगेच कळत नाही. गेममध्ये होकायंत्र नाही, 'तुम्ही इथे आहात' असं दाखवणारा ठिपकाही नाही. धुक्यात किंवा हिमवादळात दोन हातांपलीकडचं दिसेनासं होतं, तेव्हा पायाखालचा रूळ तुम्हाला घरापाशी आणून सोडतो. पहिले काही दिवस रूळ नजरेआड होईल इतकं लांब जाऊच नका.

प्रश्न : मला खायला भरपूर मिळतं, तरी मी दर वेळी थंडीने मरतो. कपडेही घातलेले असतात. चुकतंय काय?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून सविस्तर लिहिते.

चारही मीटर सारख्या वेगाने जीव घेत नाहीत. पोट रिकामं झालं तरी तुमची 'कंडिशन', म्हणजे अंगात उरलेला जीव, सावकाश उतरते. दिवसभर उपाशी राहूनही माणूस चालत राहतो. उबेचा मीटर संपला की मात्र काही तासांचाच अवकाश असतो. गेममधला एक तास म्हणजे आपली साधारण पाच मिनिटं, तेव्हा हा अवकाश किती तोकडा ते लक्षात येईल. तरी नवा खेळाडू भुकेच्या मीटरकडे बघून घराबाहेर पडतो आणि उबेच्या मीटरकडे बघायचं विसरतो.

स्क्रीनवर हवेचं तापमान आणि 'फील्स लाइक' म्हणजे जाणवणारं तापमान, असे दोन आकडे मिळतात. कामाचा आकडा दुसरा. हवेच्या तापमानातून वाऱ्याचा बोचरेपणा वजा होतो आणि कपड्यांची ऊब मिळवली जाते. हा आकडा शून्याच्या वर असेल तर अंग गरम होत जातं, खाली असेल तर गार. थंडीच्या चिन्हाशेजारी एक, दोन किंवा तीन बाण दिसतात, तो गारठण्याचा वेग. एक बाण असेल तर काम उरका. तीन बाण दिसले की हातातलं काम सोडून आडोसा शोधा.

वारा हा इथला खरा वैरी. एखाद्या मोठ्या खडकाच्या आड उभं राहिलात तरी जाणवणारं तापमान लगेच सुधारतं. उघड्यावर पेटवलेली आग वाऱ्याची दिशा बदलली की विझते, म्हणून चूल कायम खडकाच्या किंवा भिंतीच्या कुशीत लावा, आणि गुहा सापडली तर तिथेच.

कपड्यांचं म्हणाल, तर ते अंगावर असणं पुरेसं नाही. बर्फात ते भिजतात, मग गोठतात, आणि ऊब द्यायचं थांबतात. घरात आल्यावर भिजलेले कपडे उतरवून आगीजवळ ठेवा. फाटलेले शिवा. कापड हवं असेल तर घरांमधले पडदे फाडता येतात. लोक कपाटं उचकतात आणि पडद्याकडे बघतही नाहीत.

आता तुमच्या पत्रातला एक तपशील. तुम्ही लिहिलं आहे की धरणापाशी पोचेपर्यंत ऊब अर्धी झाली होती, पण 'एवढं आलोय तर आत बघून येऊ' म्हणून पुढे गेलात आणि परतताना गारठलात. तुमचा मृत्यू धरणापाशीच ठरला होता, परतीच्या वाटेवर तो फक्त घडला. उबेचा मीटर अर्ध्यावर आला म्हणजे जायचं भांडवल संपलं. उरलेलं अर्धं परतीचं असतं, आणि संध्याकाळी गारठा वाढतो म्हणून ते परतीला अनेकदा पुरतही नाही. पुढे जायचंच असेल तर आधी वाटेत आग पेटवून ऊब भरून घ्या. लाकूड आणि आगकाडी खर्च होईल, होऊ द्या.

प्रश्न : आगकाड्या फार लवकर संपतात. काही युक्ती?

पेटलेल्या आगीतून मशाल उपसता येते. आगीचा थोडा वेळ कमी होतो, पण त्याच मशालीने पुढची आग पेटते आणि आगकाडी वाचते. वारा नसताना दोन ठिकाणांमधलं अंतर असं मशालीच्या जोरावर कापता येतं. निरभ्र ऊन असेल आणि भिंग सापडलं असेल तर आगकाडीची गरजच नाही, मात्र भिंग फक्त उघड्यावर चालतं.

आग पेटवण्याआधी सगळी तयारी हवी. पेटवायला चटकन जळणारं काहीतरी लागतं : वर्तमानपत्राचा कागद, बर्चची साल, पाणकणसाचं बोंड. वर काटक्या, मग जाड लाकूड. यश मिळण्याची टक्केवारी स्क्रीनवर दिसते, ती वाचूनच काडी ओढा. आणि एकदा आग पेटली की तिच्यावर सगळी कामं उरकून घ्या. टिनचा रिकामा डबा फेकू नका, त्यात अर्धा लिटर पाणी मावतं. पातेलं मिळालं तर दोन लिटर. बर्फ वितळला म्हणजे पाणी पिण्याजोगं झालं असं नाही. डब्यावरचं वर्तुळ एकदा भरतं तेव्हा बर्फाचं पाणी होतं, दुसऱ्यांदा भरतं तेव्हा ते उकळतं. घाई करून मधेच उचललंत तर ते पाणी प्यायल्याने हगवण लागू शकते, आणि विसरलात तर सगळं आटून जातं. चुलीला दोन जागा असतील तर एकीवर पाणी, दुसरीवर मांस, आणि ओले मोजे बाजूला.

पुस्तकंही जळतात, पण कौशल्य वाढवणारी अभ्यासाची पुस्तकं आधी वाचून काढा.

प्रश्न : ताई, लांडगा दिसला की माझे हात थरथरतात आणि मी पळतो. मग तो धरतोच. काय करू?

पळालास म्हणूनच धरतो. लांडग्याने तुला पाहिलं की तो लगेच झेप घेत नाही. थांबतो, मान खाली घालतो, गुरगुरतो आणि मागे लागतो. हे काही क्षण तुझे आहेत. त्याच्याकडे तोंड करून हळूहळू मागे सरक आणि जवळचं दार किंवा रस्त्यावरची बंद गाडी गाठ. गाडीत बसता येतं. हातात पेटती मशाल किंवा फ्लेअर असेल तर तो बिचकतो, फार जवळ आला तर ती त्याच्या दिशेने फेक. पिशवीत मांस असेल तर एक तुकडा खाली टाक. बरेचदा तो खायला थांबतो आणि तुला वाट मिळते.

मुळात तो तुझ्या वासावर आला का, तेही बघ. कच्चं मांस, आतडी, ताजं कातडं जवळ असलं की स्क्रीनवर वासाच्या रेघा दिसतात, जास्तीत जास्त तीन. तीन रेघा घेऊन चालणारा माणूस लांडग्यांना दुरूनच कळतो. शिकार घरापासून लांब झाली असेल तर तिथेच आग करून मांस शिजव. वास बराच कमी होतो.

आणि धरलंच, तर झुंज संपल्यावर क्रम चुकवू नकोस : आधी बँडेज बांधून रक्त थांबव, मग जंतुनाशक लाव. जंतुनाशक नसेल तर जुन्या झाडांवर लोंबणारं 'ओल्ड मॅन्स बिअर्ड' नावाचं दगडफूल असतं, त्याची पट्टी बनते. त्यानंतर कपडे तपास. झुंजीत ते फाटतात, आणि फाटके कपडे घालून तसंच पुढे गेलेले खेळाडू लांडग्याने नाही, पुढच्या तासाभरात थंडीने मरतात.

प्रश्न : पिशवीत नक्की काय ठेवावं? सगळंच उपयोगाचं वाटतं.

मर्यादा 30 किलोची. ती ओलांडली की चाल मंदावते, दम लवकर जातो, उतारावर पाय मुरगळण्याची शक्यता वाढते आणि दोरावर चढता येत नाही. सलग 72 तास उपासमार होऊ दिली नाही तर 'वेल फेड'चा फायदा मिळतो आणि 5 किलो जास्त पेलवतात. म्हणजे पोटभर खाणं हा वजनाचाही हिशेब आहे.

माझ्या मते कायम जवळ हवं ते एवढंच : अंथरूण-पिशवी, आग पेटवण्याचं साहित्य, थोडं लाकूड, एक डबा, लिटरभर पाणी, बँडेज आणि जंतुनाशक, एक सुरी किंवा कुऱ्हाड, दिवसभराचं खाणं. खाण्यात पाणकणसांना तोड नाही. एका देठात 150 कॅलरी, वजन 50 ग्रॅम, वास नाही, आणि कधी खराब होत नाही. तळ्याकाठची पाणकणसं दिसली की तोडत चला. बाकी सगळं कॅम्प ऑफिसात ठेवा. तीन-तीन हातोड्या आणि सोड्याच्या बाटल्यांची रास घेऊन डोंगर चढायची गरज नाही.

प्रश्न : लांडग्याचं मांस खाल्लं तर चालतं का?

नवख्याने टाळावं. लांडगा आणि अस्वल यांचं मांस शिजवलं तरी आतड्यात जंत होण्याचा धोका राहतो, आणि झाले तर 10 दिवस रोज औषध घ्यावं लागतं. स्वयंपाकाचं कौशल्य पाचव्या पातळीवर गेलं की हा धोका उरत नाही. तोवर ससे, हरणं, मासे. ससा दगड मारून बेशुद्ध करता येतो. आकाशात कावळे घिरट्या घालत असतील तर खाली बहुधा मेलेलं जनावर असतं. तिकडे जाऊन बघा, पण आधी आसपास लांडगा नाही ना याची खात्री करून.

प्रश्न : मुलगा आठवीत आहे. बरेच दिवस जपलेला त्याचा खेळाडू अस्वलाने मारला आणि सगळा सेव्ह पुसला गेला. तो खूप रडला. हा गेम त्याला खेळू द्यावा का?

त्याचं रडणं मला अजिबात काळजीचं वाटत नाही. सर्व्हायव्हल मोडमध्ये, म्हणजे कथेविना नुसतं टिकून राहायच्या खेळात, मृत्यू मुळात कायमचा असतो, आणि म्हणूनच प्रत्येक संध्याकाळ सुखरूप घरी पोचण्याला किंमत येते. त्याने जे जपलं ते गेलं, त्याचं दुःख झालं. 'गेमच तर आहे' असं म्हणू नका. तो खेळाडू किती दिवस जगला, कुठे कुठे फिरला, हे त्याला विचारा. तो भरभरून सांगेल.

पुन्हा सुरू करताना पिल्ग्रिम मोड द्या, किंवा 'विंटरम्यूट' ही कथा. तीत विल मॅकेंझी हा वैमानिक आणि डॉक्टर ॲस्ट्रिड ग्रीनवुड यांची गोष्ट आहे, आणि मेल्यावर मागच्या टप्प्यापासून पुन्हा खेळता येतं. एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असावी : बेटावर गोठून मेलेली माणसं सापडतात, आणि जनावरं सोलावी लागतात. चित्रण भडक नाही, पण हळव्या मुलाच्या शेजारी पहिल्या वेळी मोठं माणूस बसलेलं बरं.

प्रश्न : घरात बसून दिवस काढत होतो, तर 'केबिन फीव्हर' झाला आणि आत झोपता येईना. हा काय प्रकार?

दिवसचे दिवस घरात राहिलात की होतो. धोक्याची सूचना आधी दिसते, ती दिसताच बाहेरची कामं काढा : लाकूड गोळा करणं, आडोशाला आग करून पाणी उकळणं, मांस शिजवणं. एवढी कामं तरी रोज उघड्यावर केलीत तर सहसा वेळच येत नाही.

प्रश्न : यातून शिकलेलं खऱ्या जंगलात कामी येईल का?

थोडंच. ओले कपडे आणि वारा माणसाला किती झपाट्याने गारठवतात, हे खरं आहे. शरीराचं आतलं तापमान 35 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की हायपोथर्मिया, आणि त्यात विचारशक्तीही मंदावते; गेम हे शेवटचं दाखवत नाही. खरे लांडगे मात्र सहसा माणसाला टाळतात. गेममध्ये औषधाची गोळी घेऊन काही तास झोपलं की माणूस ठणठणीत होतो, तसं बाहेर होत नाही. आणि गेममध्ये ओळखीची वाटली म्हणून कुठलीही रानटी अळंबी तोंडात घालू नका. खऱ्या भटकंतीसाठी प्रथमोपचाराचं रीतसर प्रशिक्षण घ्या आणि कुठे जाताय, कधी परतणार, हे कुणाला तरी सांगून निघा.

प्रश्न : मिस्ट्री लेक आता पाठ झालंय. पुढे कुठे?

कोस्टल हायवे. घरं भरपूर, सामान भरपूर, क्वॉन्सेट पेट्रोल पंपावर छान तळ होतो. समुद्रावरचा बर्फ मात्र किनाऱ्यापासून लांब पातळ असतो. पायाखाली तडतड ऐकू आली की उभे राहू नका, धावूही नका. आल्या वाटेने लगेच मागे फिरा. आत पडलात तर जीव बहुधा वाचतो, पण अंगावरचं सगळं चिंब होऊन गोठतं, तेव्हा त्या बाजूला जाताना लाकूड आणि आगकाडी जवळ असू द्या.