बजेट कमी आहे. गेमिंग पीसीसाठी कोणते भाग घ्यावेत?

विक्रेत्याने दिलेली यादी तुम्ही प्रश्नात टाकली आहे: आय७ प्रोसेसर, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅमची एक स्टिक, ५१२ जीबी एसएसडी, आरजीबी (रंगीत दिव्यांचं) कॅबिनेट आणि त्याच्यासोबतच येणारा ६०० वॉटचा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा). फुल एचडीवर गेम खेळायला एवढं पुरेल का, असं तुमचं म्हणणं. खरं सांगायचं तर या यादीवरून काहीच सांगता येत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. यात एकाही भागाचं पूर्ण नाव नाही. नाव मोठं, लक्षण खोटं असा माल या बाजारात ढिगाने पडलेला असतो आणि कमी बजेटवाल्याच्याच गळ्यात तो मारला जातो. तेव्हा आधी प्रत्येक भागाचा मॉडेल नंबर लिहून मागा.

‘आय७’चंच घ्या. २०१२ चा आय७-३७७० हाही आय७च. चार कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), आठ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं). २०२२ च्या आय३-१२१०० लाही चार कोअर, आठ थ्रेडच आहेत, पण मधल्या दहा वर्षांत एकेका कोअरची ताकद एवढी वाढली की हा आय३ त्या आय७ला सहज मागे टाकतो. शिवाय ३७७० मध्ये एव्हीएक्स२ ही झपाट्याने आकडेमोड करण्याची सोय नाही, त्यामुळे काही नवे गेम त्यावर सुरूच होत नाहीत. विंडोज ११ चा अधिकृत पाठिंबाही त्याला नाही. झगमगत्या कॅबिनेटमध्ये असला प्रोसेसर बसवून ‘आय७ गेमिंग पीसी’ म्हणून विकणारे कमी नाहीत.

मी तुमच्या जागी असतो तर रायझन ५ ५६०० किंवा आय५-१२४००एफ बघितला असता. दोन्ही सहा कोअर, बारा थ्रेडचे. दोन्हींना डीडीआर४ प्रकारची रॅम चालते (आय५ इंटेलचा, त्याच्यासाठी मदरबोर्ड त्या प्रकारचा बघून घ्यावा लागतो) आणि सीलबंद रिटेल बॉक्समध्ये कूलरही मिळतो, म्हणजे तो खर्च वाचला. दोन्हींमध्ये अंगभूत ग्राफिक्स मात्र नाही, त्यामुळे कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काही दिसणार नाही. मॉनिटरची केबलही कार्डालाच जोडायची, मदरबोर्डाला नाही. ‘नवा पीसी बंदच आहे’ म्हणून येणाऱ्या फोनमागे पुष्कळदा एवढंच कारण निघतं.

आता ग्राफिक्स कार्ड. गेमिंगसाठी बजेटचा सगळ्यात मोठा घास याच्या तोंडी जायला हवा, आणि नावांचा सगळ्यात जास्त घोळही इथेच आहे. जीटी १०३० या एकाच नावाने दोन कार्डं विकली गेली. एकात जीडीडीआर५ मेमरी, दुसऱ्यात साधी डीडीआर४. पहिल्याची मेमरी सेकंदाला ४८ जीबी डेटा हलवते, दुसऱ्याची जेमतेम १७ जीबी. दोन्हींच्या खोक्यावर ‘२ जीबी’च लिहिलेलं! आरटीएक्स ३०५० ची तीच कथा. ८ जीबीवाल्यात २५६० कोअर आणि १२८ बिटचा मेमरी बस (मेमरीपर्यंतचा डेटाचा रस्ता). नंतर २०२४ मध्ये आलेल्या ६ जीबीवाल्यात २३०४ कोअर आणि ९६ बिट. वाचणाऱ्याला वाटतं फरक फक्त २ जीबीचा आहे. (६ जीबीवाल्याचा एक फायदा मान्य करायला हवा: त्याला वेगळी पॉवर केबल लागत नाही, त्यामुळे ऑफिसच्या जुन्या पीसीत टाकायला ते बरं पडतं.)

तुमच्या यादीतलं ‘४ जीबी कार्ड’ जर आरएक्स ६५०० एक्सटी असेल तर जरा थांबा. हे कार्ड मदरबोर्डाशी पीसीआयईच्या (कार्ड आणि मदरबोर्डामधल्या डेटाच्या रस्त्याच्या) फक्त चार लेननी बोलतं. पीसीआयई ४.० वर ते निभावतं. ३.० वर तो रस्ता निम्मा होतो, आणि ४ जीबी मेमरी भरली की डेटा त्याच अरुंद रस्त्याने रॅममधून आणावा लागतो, त्यामुळे गेम अडखळायला लागतो. आता गंमत बघा. रायझन ५ ५५०० हा नावाने ५६०० चा धाकटा भाऊ वाटतो, पण त्यात एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) निम्मी, ३२ ऐवजी १६ एमबी, आणि पीसीआयई ३.० च. म्हणजे ५५०० आणि ६५०० एक्सटी ही जोडी, जी स्वस्त म्हणून हमखास सुचवली जाते, एकमेकांच्या मुळावर उठणारी आहे.

फुल एचडीत सुमारे २१ लाख पिक्सेल असतात, १४४०पी या त्याच्या वरच्या रिझोल्युशनमध्ये ३७ लाख. कार्डाचं काम त्या हिशेबात वाढतं. त्यामुळे मॉनिटर फुल एचडीच ठेवा आणि कार्डाच्या मेमरीत ८ जीबीच्या खाली उतरू नका. आरएक्स ६६०० हे माझ्या मते या कामाचं सरळमार्गी कार्ड आहे. आर्क बी५८० मध्ये १२ जीबी मिळतात, पण ते जुन्या प्रोसेसरसोबत मार खातं आणि बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, चालू असावीच लागते. फक्त व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकच खेळणार असाल तर गणित बदलतं. तिथे जास्त भार प्रोसेसरवर येतो, मग कार्डावर थोडी काटकसर करून १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर घेणं शहाणपणाचं.

एसएमपीएसवर मात्र काटकसर नको. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ येणारा तर नकोच. त्याच्या बाजूला एक स्टिकर असतो, त्यावर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा. प्रोसेसर आणि कार्ड आपली जवळपास सगळी वीज या १२ व्होल्टवरूनच घेतात. तिथे २५ अँपिअर असतील तर १२ गुणिले २५, म्हणजे झाले ३०० वॉट. खोक्यावरचे ६०० वॉट गेले कुठे? काही ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनींवर, जिथे तुम्हाला त्यांचा फारसा उपयोग नाही, आणि काही नुसते छापण्यापुरते. चांगल्या कंपनीच्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर हाच आकडा ४५ अँपिअरच्या आसपास दिसतो. ‘८० प्लस’चा शिक्का वीज किती वाया जाते तेवढंच सांगतो, आतला माल किती टिकाऊ ते नाही. उगाच ७५० वॉटही नको: आरएक्स ६६०० पूर्ण भारात साधारण १३२ वॉट खातं आणि ५६०० सुमारे ७६. चांगला ५५० वॉटचा एसएमपीएस यांना आरामात पुरतो.

रॅम १६ जीबी ठीक, पण ८-८ च्या दोन स्टिक, म्हणजे ड्युअल चॅनल (दोन वाटांनी एकदम डेटा) मिळतं. चार खाच असतील तर प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावा आणि बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम त्याहून कमी वेगाने चालत राहते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

एसएसडीत ‘एम.२’ हा नुसता आकार आहे. आत साटा ही जुनी जोडणी असेल तर वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास अडतो. एनव्हीएमई (त्याहून वेगवान जोडणी) लिहिलंय ना ते बघा. ५१२ जीबीत मोठे गेम तीन-चारच मावतील, जमलं तर १ टीबी घ्या. कॅबिनेट समोरून जाळीचं असावं, बस्स. काचेचं तोंड आणि आत चार रंगीत पंखे असले तरी हवा येणार कुठून?

नवं कार्ड बजेटबाहेर जात असेल तर सेकंडहँड बघायला हरकत नाही. पण तिथे नावच बनावट असू शकतं: जुन्या कार्डाचं स्वतःचं बायोस (आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून ते नवं मॉडेल म्हणून खपवतात आणि विंडोजही तेच नाव दाखवतं. जीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर अशी बरीच कार्डं पकडतं. त्यात कोअरची संख्या आणि मेमरीचा प्रकार जुळवून पाहा, मग एखादा जड गेम पंधरा-वीस मिनिटं चालवून तापमान आणि पंख्याचा आवाज तपासा. विकणारा चालवून दाखवायला का-कू करत असेल तर कार्ड तिथेच ठेवून या.