वर्दीची ओढ नेमकी कुणाला?

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलाला बारावीला पीसीएममध्ये (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) ८१ टक्के आहेत आणि जेईई मेन दिलेली आहे. आता नौदलाच्या '१०+२ बी.टेक.' प्रवेशातून मुलाला अधिकारी करायचंय. गुणांची काळजी नाही, अट ७० टक्क्यांची आहे. मला खटकलं ते "माझं एनडीए हुकलं, त्याचं नौदल हुकू देणार नाही" हे वाक्य. चार पानांत मुलाला काय आवडतं याबद्दल तुमचा एक शब्द नाही. ते कळलं शेवटी त्याने पेन्सिलीने लिहिलेल्या तीन ओळींतून. मिठाच्या पाण्याच्या दोन बाटल्यांत त्याने महिनाभर खिळे ठेवले, एकाला जस्ताची पट्टी गुंडाळून. तोच का गंजला नाही, असं त्याने मला विचारलंय.

रस्ता तुम्हाला ठाऊकच आहे. जेईई मेनची रँक, एसएसबी म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखत, वैद्यकीय तपासणी आणि मग केरळात एळीमलाच्या नौदल अकादमीत चार वर्षं.

पण "फुकटात बी.टेक. होईल, नाही जमलं तर सोडून कंपनीत लागेल" हे आधी डोक्यातून काढा. स्वतःहून प्रशिक्षण सोडलं तर खर्च वसूल केला जातो. कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, मिळाल्यावर मनात आलं म्हणून राजीनामा देता येत नाही. आणि इंजिनीअर असला तरी तो आधी अधिकारी असतो. तापलेल्या इंजिनरूममध्ये यंत्रंही चालू ठेवायची, हाताखालची माणसंही सांभाळायची, बदली होईल तिथे जायचं. ज्याला हे मनापासून हवंय त्याने जरूर जावं. एसएसबीच्या शब्दचाचणीत ६० शब्द येतात, प्रत्येक शब्दावर सुचेल ते वाक्य लिहायला १५ सेकंद. तेवढ्या वेळात वडिलांच्या मनातलं लिहायला सुचत नाही हो.

माझं मत स्पष्ट आहे. यंदा त्याला एसएसबीला ढकलू नका, धातुशास्त्राला घाला. पुण्याच्या सीओईपीत आणि नागपूरच्या व्हीएनआयटीत ती शाखा आहे. समुद्रात धातू कसा टिकवायचा, याच प्रश्नावर अंबरनाथला डीआरडीओची, म्हणजे संरक्षण संशोधन संस्थेची, नेव्हल मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरी काम करते. पाणबुडीला जास्त काळ पाण्याखाली राहता यावं म्हणून फ्युएल सेलवर (रासायनिक क्रियेतून वीज देणाऱ्या घटावर) चालणारी यंत्रणा तिथेच विकसित झाली. डीआरडीओत शास्त्रज्ञ व्हायला पदवी, गेट या अभियांत्रिकीच्या परीक्षेचा स्कोअर आणि मुलाखत लागते, वर्दी लागत नाही. पदवीनंतर त्यालाच वर्दी घालावीशी वाटली, तर नौदलाच्या तांत्रिक शाखेतलं शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठरावीक वर्षांची अधिकारीपदाची नोकरी, आहेच.

आणि बाळा, तुझ्या खिळ्याबद्दल. जस्त आधी स्वतः झिजतं, म्हणून लोखंड वाचतं. जहाजाच्या तळालाही जस्ताचे असे ठोकळे बसवतात आणि झिजले की गोदीत बदलतात. आता तिसऱ्या बाटलीत खिळ्याला तांब्याची तार गुंडाळून ठेव. महिन्याने काय दिसतं ते मला कळव. बाबांच्या पत्राखाली नको, वेगळ्या कागदावर लिही.