नाशिकमध्ये महापौरपदासाठी ज्यांचं नाव चालतंय त्या आमच्या उमेदवाराला विरोधक ‘बाहेरचा’ म्हणतायत. अशा प्रचाराने मतं फिरतात का? उत्तर द्यावं की गप्प बसावं?

उत्तर द्यावं, पण दारात जाऊन, तोंडाने. पत्रकाला पत्रक छापून तर मुळीच नाही. आमच्या घरावर हे गुदरलंय, म्हणून इतक्या ठामपणे सांगतोय.

2017 च्या महापालिका निवडणुकीत माझी वहिनी सिडकोतून उभी होती, महिला राखीव जागेवर. तिचं माहेर अमळनेरचं, आम्ही मूळचे चोपड्याचे. वडील सातपूरच्या कंपनीत लागले, सिडकोच्या स्कीममध्ये घर मिळालं, आम्ही भावंडं इथेच जन्मलो. वहिनीने बचतगट उभे केले. कुणाचं रेशनकार्ड, कुणाचा निराधार पेन्शनचा अर्ज, सगळ्यांना आमचंच दार ठाऊक. तेव्हा तिला कुणी गाव विचारलं नाही. उमेदवारी अर्ज भरला आणि ती ‘जळगावचं पार्सल’ झाली!

सभेत कुणी बोललं नाही. हे गिरणीवर बोललं जायचं, हळदीकुंकवात बोललं जायचं. मग एक क्लिप फिरली. श्रावणातली, कानबाईच्या म्हणजे आमच्या खान्देशी देवीच्या सणातली. वहिनी ओट्यावर उभी राहून बायकांना अहिराणीत विचारतेय, “बठ्ठा बरा शेतस ना?” खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘ही नाशिकची भाषा आहे का?’ त्या क्लिपमध्ये मागे ज्या बायका हसताना दिसतात त्यातल्या कितीतरी सिन्नर-निफाडकडच्या. दरवर्षी रोट खायला हक्काने येणाऱ्या. पाठोपाठ पिवळ्या कागदावरचं पत्रक दारांखालून सरकवलं गेलं: ‘भूमिपुत्राला मत द्या, पार्सल परत पाठवा.’ छापखान्याचं नाव नाही, प्रकाशकाचं नाही.

वहिनी म्हणाली, मी घरोघर जाते, ज्याला विचारायचं त्याने मला समोर विचारावं. आणि ती खरंच गेली. हातात तेच पिवळं पत्रक घेऊन. लोकांनी चहा पाजला, दोन-चार जणांनी पत्रक वाटणाऱ्या पोरांची नावंसुद्धा सांगितली. वारं फिरत होतं.

तेवढ्यात आमच्या दाजींनी कुणालाही न विचारता दुसरं पत्रक छापून आणलं. त्यात समोरच्या बाईंच्या सुनेचा माहेरी निघून गेल्याचा विषय! रात्रीत वाटूनही टाकलं. सकाळी बचतगटातल्या एक मावशी आल्या. आत बसल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, “तुझ्यावर आलं तेव्हा त्यांच्या माणसांना मी दारात उभं केलं नाही. आता तुम्ही पण तेच केलं. कुणाच्या लेकीचं काढायचं असतं का असं?” वहिनीला त्यातलं काही माहीतच नव्हतं. ती पडली.

दाजी आजही प्रत्येक लग्नात ऐकवतात, “उशिरा उत्तर दिलं म्हणून पडलात.” साफ खोटं आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न, मतं फिरतात का? चार सदस्यांच्या प्रभागात माणूस चार बटणं दाबतो. कुजबुजीने अख्खं पॅनल पडत नाही, चारातलं एक बटण दुसरीकडे जातं. तेवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप असतो. जुन्या गावठाणात ‘बाहेरचा’ हा शब्द लागतो. सिडकोत, अंबडला, सातपूरला कोण कुणाला बाहेरचं म्हणणार? बरीचशी वस्ती खान्देश नाहीतर कसमादेतली, म्हणजे कळवण-सटाणा-मालेगाव-देवळ्याकडची. आणि हे शहर बाहेरच्यांना कधीच घाबरलेलं नाही. कराडच्या यशवंतरावांना 1963 साली नाशिकने बिनविरोध लोकसभेत पाठवलं. 2012 ला मुंबईच्या नेत्याकडे बघून मनसेला 40 नगरसेवक दिले. 2017 ला नागपूरच्या फडणवीसांनी नाशिक दत्तक घेतो म्हटलं आणि भाजपचे 66 आले. नेता बाहेरचा चालतो, आणि इथे जन्मभर घरपट्टी भरणारा शेजारी उपरा? मला हे सहन होत नाही.

महापौरपदाचं म्हणाल तर ती चर्चा आत्ता सोडूनच द्या. त्या पदाच्या आरक्षणाची सोडत मंत्रालयात निघते, मत नगरसेवक देतात. ‘भावी महापौर’चे फलक लावून तुम्ही विरोधकांना नेम धरायला मदत करताय. आधी प्रभाग जिंका.

निनावी पत्रक आलं तर फोटो काढा, एक प्रत जपून ठेवा आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. कारवाई होईल न होईल, पण पोच घेतल्याशिवाय उठू नका. दारोदार फिरताना ती पोच दाखवता येते.

एक मात्र आहे. तुमचा उमेदवार राहतो गंगापूर रोडला आणि स्वतःचा प्रभाग आरक्षणात गेला म्हणून तुमच्याकडे आला असेल, तर लोकांचा प्रश्न रास्त आहे. शहरात कुठेही मतदार असला की उभं राहता येतं, कायद्याला ते चालतं. पण निवडून आल्यावर भेटणार कुठे, हे त्याला सांगावंच लागेल. तिथे ‘बदनामी, बदनामी’ म्हणून ओरडू नका.

आणि दाजी, तुम्ही हे वाचणारच आहात. बूथनिहाय आकडे अजून माझ्याकडे आहेत. तुमचं पत्रक ज्या गल्ल्यांत वाटलं गेलं तिथल्या बूथवर वहिनी मागे पडली. जिथे ते पोचलंच नाही तिथे ती पुढे आहे.