आई हसल्या, यात चुकलं काय?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही मूळचे सिन्नर तालुक्यातले, मिस्टरांच्या नोकरीमुळे नाशिकरोडला राहतो. माझे धाकटे दीर तोफखान्यात होते, १९९९ ला कारगिलमध्ये शहीद झाले. दरवर्षी २६ जुलैला, कारगिल विजय दिनी, गावात स्मारकापाशी कार्यक्रम असतो, हार, भाषणं, घोषणा, नंतर घरी चहा आणि सगळे गप्प. यंदा भाऊजींच्या युनिटमधले रिटायर झालेले मित्र आले होते. त्यांनी सांगितलं की भाऊजी सुट्टीवरून जाताना घरचा शेंगदाण्याचा ठेचा न्यायचे, थंडीने तो डब्यात दगडासारखा व्हायचा, मग चमच्याच्या दांड्याने खरवडून अख्ख्या तोफेच्या पोरांना वाटायचे आणि पंजाबचा एक जण डोळ्यातून पाणी काढत परत मागायचा. हे ऐकून सासूबाई पदर तोंडाला लावून खळखळून हसल्या, म्हणाल्या, अहो तो ठेचा मीच द्यायचे. आम्ही पण हसलो. तर बाहेर बोलणं सुरू, आजच्या दिवशी म्हातारीला काही वाटतं की नाही. सासूबाई तेव्हापासून गप्प आहेत. आणि खरं सांगते, माझी जाऊ, म्हणजे भाऊजींची मिसेस, त्या वेळी उठून आत गेली होती. आमचं चुकलं का?

उत्तर : नाही हो, अजिबात नाही चुकलं. आणि हे पहिल्यांदा सासूबाईंना जाऊन सांगा, मग पुढचं वाचा.

त्या माउलीला आपला मुलगा भरती होईपर्यंतचा माहीत होता, पुढचा जो होता तो पत्रातून आणि सुट्टीतून थोडा थोडा कळायचा. बाकीचा या मित्रांकडे होता. इतक्या वर्षांनी तिला त्याच्याबद्दल एक नवीन गोष्ट कळली, आणि ती पण कशी, तर आपल्या हातचा ठेचा तिकडे बर्फात पोरं मागून मागून खात होती! यावर आई हसणार नाही तर काय करणार, मला तर लिहितानाच भरून येतंय.

बाहेर जे बोलले त्यांना वाटतं की शहिदाचा मान राखायचा म्हणजे दिवसभर तोंड पाडून बसायचं. फौजेत तरी असं नसतं. पलटणीचा स्थापना दिवस असो की एखाद्या लढाईच्या विजयाचा, सकाळी स्मारकावर पुष्पचक्र वाहतात, आणि नंतर बडाखाना असतो, अधिकारी आणि जवान एकत्र जेवतात, गप्पा चालतात, गेलेल्यांच्या खोड्यासुद्धा निघतात. मानवंदनेचं बिगुल ऐका कधी, आधी लास्ट पोस्ट, ते काळीज पिळवटतं, मग शांतता, आणि त्यानंतर राऊज वाजवतात, ती उठवायची धून आहे. आणि फौजेचं सोडा, आपल्याकडे काय करतात? पितृपक्षात गेलेल्या माणसाला जे आवडायचं तेच पानात वाढतो ना, खीर वडे करतोच आणि वर त्यांना भजी आवडायची म्हणून भजी तळतो, आणि जेवताना त्यांच्याच गोष्टी निघतात, कुणी रडतं कुणी हसतं, त्याला कुणी नावं ठेवत नाही.

आता जाऊबाईंचं. मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त तेच टोचलं. आईला मुलगा थोडा जास्त मिळाला, पण बायकोला त्याच क्षणी कदाचित काय गेलं तेच परत दिसलं असेल, किंवा तो ठेचा प्रकार तिला नवऱ्याने स्वतः सांगितलेला असेल आणि तो फक्त तिचा होता, मी कोण सांगणार. ती आत गेली म्हणजे रागावली असं धरू नका, आणि आता सगळे हसतायत तर तू पण हस असं तर चुकूनही करू नका. शहिदाच्या बायकोने कसं वागायचं हे आधीच सगळं गाव तिला सांगत असतं, अजून घरच्यांनी पण सांगायला नको. एखाद्या दुपारी दोघीच असाल तेव्हा साधं विचारा, पुढच्या वर्षी त्या मित्रांना परत बोलवू का, तुला चालेल का. ती नको म्हणाली तर वेगळ्या दिवशी बोलवा, सासूबाईंना भेटू द्या, पण २६ जुलै तिला हवा तसा राहू द्या.

गावच्या कार्यक्रमाबद्दल एक सुचवते. कारगिलमध्ये ५२७ जवान शहीद झाले हे भाषणात दरवर्षी येतं, पण तुमचे भाऊजी नेमकं काय करायचे हे शाळेतल्या पोरांना माहीत असतं का? बोफोर्सच्या तोफांनी तोलोलिंग, टायगर हिलच्या कड्यांवर मारा केला म्हणून पायदळाला वर चढता आलं, द्रासच्या पॉइंट ५१४० या शिखराला तर २०२२ मध्ये गन हिल असं नावच दिलं, ते तोफखान्याच्या जवानांसाठी. आणि तोफखान्याचं मोठं ट्रेनिंग सेंटर, स्कूल ऑफ आर्टिलरी, आपल्या देवळालीत, सिन्नरच्या पोरांना अगदी जवळ! हे सांगा, मग भाऊजींच्या मित्रांना दहा मिनिटं बोलू द्या. डीजे, सेल्फी, पुढाऱ्यांचे सत्कार मात्र नको, तो आनंद वेगळा आणि त्याचं तिथे काही काम नाही.

आणि मित्रांचे फोन नंबर घेतलेत ना? तेही आता वयस्कर होत चाललेत. त्यांना फोन लावा, स्पीकरवर टाका, मोबाईलमध्ये रेकॉर्ड करा, आणि सासूबाईंना शेजारी बसवा.