टॉवेल कारखान्यात एचआरला नव्याने लागलात? आधी एवढंच करा

अभिनंदन! कामगारांना पगारातली कपात आणि सवलती समजावताना पहिली चूक बहुतेकांची हीच: इंग्रजी परिपत्रक बोर्डावर डकवायचं. सोलापुरात बरेच विणकर घरी तेलुगू बोलतात. तेव्हा पाळी बदलताना मागाजवळ जा, मराठी-तेलुगू दोन्हीत सांगा.

- पगाराची स्लिप हातात धरून बोला. 'कपात' म्हटलं की पैसे बुडाले असं वाटतं. १२,००० पगारावर ईएसआयचे (म्हणजे सरकारी कामगार विम्याचे) ९० रुपये कामगाराचे, ३९० मालकाचे. त्यातून बायकोपोरांचाही दवाखाना होतो. ईएसआय कार्ड घरी ठेवायला सांगा, आजारपणात बायकोलाच धावावं लागतं.
- लग्नानंतर पीएफचं नॉमिनेशन, म्हणजे आपल्यामागे पैसे कोणाला द्यायचे ते नाव, नव्याने करावं लागतं. एकेकाला गाठून विचाराच.

सगळं एकाच बैठकीत ओतू नका. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मालकाकडून मिळणारी रक्कम, पुढच्या महिन्यात. अडलं तर बिनधास्त विचारा.